सतरा मिनिटं, न थांबता

बाराव्या मिनिटाला भिंगासमोर एक तळहात आला आणि आमच्या लघुपटाचा सातवा टेक वाया गेला. मी कानाला हेडफोन लावून पाच-सहा पावलं मागे होते, त्यामुळे हात दिसायच्या आधी मला आवाज ऐकू आला. "बंद करा ते. परवानगी आहे का?" आवाज चढलेला नव्हता, दमदाटीचाही नव्हता. आजोबांचं काम करणारे आमचे नट मात्र चालतच राहिले. 'कट' ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही, असं त्यांना बजावलेलं होतं आणि बजावलेलं ते पाळतात. त्यांनी केळ्यांच्या गाडीला वळसा घातला, उभ्या केलेल्या दोन दुचाक्यांमधून आडवं होऊन वाट काढली, पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. दिग्दर्शक मुलीने पळत जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला, तोवर ते कामातच होते. वय ७४. दोन दिवसांत सातव्यांदा तोच जिना उतरून आलेला माणूस.

मी पुण्यात २२ वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम करते आहे. मालिका, माहितीपट, जाहिराती, जे येईल ते केलं. कॉलेजच्या मुलांच्या लघुपटांना वर्षातून एक-दोनदा पैसे न घेता जाते, कारण मलाही कुणीतरी असंच शिकवलं होतं. गेल्या नोव्हेंबरातला हा लघुपट पाच मुलांचा. तो बघून जे वाटलं ते त्या मुलांपुरतं ठेवण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे.

गोष्ट एवढीच आहे. सरकारी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात आयुष्य गेलेले एक आजोबा कसबा पेठेतल्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावरून निघतात आणि मंडईजवळच्या बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातात. सरकारी पेन्शन घेणाऱ्या माणसाला दर नोव्हेंबरला आपण जिवंत असल्याचं कळवावं लागतं. २०१४ पासून हे अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या करता येतं, पुढे चेहरा दाखवूनही करता येऊ लागलं. पण या आजोबांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. शिशाचे खिळे उचलून उचलून बोटांच्या रेषा गेल्या आहेत, आणि फोन साधा आहे. म्हणून ते चालत जातात. १७ मिनिटं. कॅमेरा त्यांच्यासोबत चालतो आणि बँकेच्या पायरीशी, रांगेचं शेवटचं माणूस जिथे उभं असतं तिथे, थांबतो.

संहिता वाचली तेव्हा मीच त्या मुलीला विचारलं होतं, हे एका टेकमध्ये, म्हणजे कॅमेरा मध्ये कुठेही बंद न करता, कशाला? ती म्हणाली, "ताई, मध्ये कट घेतला की आजोबा पोचलेच."

या एका वाक्यावर मी त्या कामाला हो म्हटलं. कट म्हणजे नेमकं काय, हे इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं. जिन्यावरची पावलं, रस्त्यावरची पाठ, बँकेचं दार. तीन शॉट, वीस सेकंद, आजोबा बँकेत. मधलं चालणं प्रेक्षक मनात भरून काढतो. सिनेमाची ती फार मोठी ताकद आहे आणि माझं पोट तिच्यावरच चाललं आहे. पण या गोष्टीत जे मधलं आहे तेच सगळं आहे. अंधारातल्या १४ पायऱ्या आणि त्यातली एक बुटकी. पदपथ सुरू होतो न होतो तोच त्याच्या मधोमध उभी असलेली विजेची पेटी. पदपथावरून खाली उतरायचं तर गुडघ्याएवढी उतरण. आणि शिवाजी रस्ता ओलांडताना कडेला उभं राहणं. तालमीत आम्ही पहिल्यांदा तिथे पोचलो तेव्हा नट काका एक पाऊल पुढे टाकत होते आणि मागे घेत होते. गाड्यांमध्ये फट मिळायला १ मिनिट ५० सेकंद लागले. माझ्या रेकॉर्डरवर ते आहेत. कुठलाही संकलक दोन मिनिटं नुसतं उभं राहिलेलं माणूस ठेवणार नाही, आणि ठेवू नये असंच आम्ही मुलांना शिकवतो. पण पुण्यातल्या म्हाताऱ्या माणसाच्या दिवसाचा केवढा तरी भाग या उभं राहण्यात जातो आणि तो कुठल्याच चित्रपटात नाही.

खरं तर सिनेमा जन्माला आला तो सलग टेकमध्येच. १८९५ च्या डिसेंबरात लुमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये दाखवलेल्या फिती जेमतेम ५० सेकंदांच्या. एकदा हँडल फिरवायला लागलं की फीत संपेपर्यंत फिरवायचं. आपल्याकडे सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाचं मुंबईतलं त्यांचं स्वागत चित्रित केलं. हेच परांजपे पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. आपल्या वृत्तचित्रणाची सुरुवातच अशी, जमलेल्या माणसांसमोर कॅमेरा उभा करण्यातून झाली. मग कथा आल्या, कट आले, आणि सलग टेकला फिल्मच्या लांबीची अडचण झाली. ३५ मिलिमीटरचं १००० फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटांत संपतं. हिचकॉकने १९४८ च्या 'रोप'मध्ये रीळ संपत आलं की कॅमेरा एखाद्या पात्राच्या पाठीवर नेऊन दोन रिळांमधला सांधा लपवला, तो याच अडचणीपायी. 'रशियन आर्क' हा आख्खा चित्रपट एका टेकमध्ये झाला, पण तो फिल्मवर उतरलेला नाही, हार्ड डिस्कवर उतरला आहे. आमच्या या १७ मिनिटांसाठी मी शिकत होते त्या काळात पैसे तर लागले असतेच, पण एवढं लांब रीळही आमच्या हाताशी नव्हतं. आज मुलं भाड्याचा कॅमेरा गिंबलवर, म्हणजे चालताना तो हलू न देणाऱ्या दांड्यावर, चढवतात आणि तासभर न थांबता चित्रित करू शकतात. यंत्राकडून आता काही अडत नाही.

आमच्या धंद्यात सलग टेकवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: ही कसरत आहे. बऱ्याच वेळा तो खरा असतो. मी दोन स्पर्धांची परीक्षक होते. 'एका टेकमध्ये चित्रित' अशी पाटी नावांच्या आधीच लावून सुरू होणारे लघुपट तिथे ढिगाने येतात. कॅमेरा नटाभोवती गोल फिरतो, खिडकीतून आत जातो, जिन्यावरून वर जातो, आणि बघणारा गोष्ट सोडून सांधा कुठे लपवला ते शोधत बसतो. अशा लघुपटात चार कट टाकून बघावेत. काही बिघडलं नाही तर तो टेक बक्षिसासाठी होता. या मुलांच्या लघुपटात एक जरी कट टाकला तरी गोष्ट मरते, याची खात्री मला तालमीतच झाली होती. त्यांनी सुरुवातीची पाटीही लावलेली नाही.

आणि तालमी त्यांनी केल्या त्या एकांकिकेसारख्या. पाचांपैकी तिघं पुरुषोत्तम करंडक या कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेतून आलेली, भरत नाट्य मंदिराच्या विंगेत वाढलेली. काहीही झालं तरी पुढे जायचं, ग्लास पडला तर उचलायचा की तसाच ठेवायचा ते त्याच क्षणी ठरवायचं, ही सवय त्यांना आधीपासून होती. कॅमेरा धरणारा मुलगा जिन्यावर उलटा उतरायचा. त्याच्या कमरेचा पट्टा धरून एक मुलगी त्याला पायरी-पायरी खाली आणायची, तोंडातून शब्द न काढता, पट्ट्याला एक हिसका म्हणजे पायरी, दोन हिसके म्हणजे बुटकी पायरी. जिन्याच्या अंधारातून उन्हात येताना भिंगाचं छिद्र किती बंद करायचं हे तिसरा मुलगा हातातल्या चाकावरून करायचा. ते एवढ्या हळू व्हायला हवं की बघणाऱ्याला कळू नये आणि एवढ्या पटकन की चौकट पांढरी होऊ नये. अकरा दिवस त्यांनी हे केलं. वाड्यातल्या लोकांनी त्यांना चहा दिला, एका काकूंनी तर कुकरची शिट्टी आपल्या टेकच्या मध्ये येऊ नये म्हणून डाळ नऊच्या आत लावून टाकली.

ध्वनीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझं काम ते आहे आणि माझा सगळा मुद्दा मला तिथूनच कळला. कट असलेल्या चित्रपटात शहराचा आवाज आम्ही अंथरतो. चार मिनिटांचा गर्दीचा आवाज वेगळा घेऊन ठेवायचा आणि सगळ्या शॉटखाली एकसारखा पसरायचा, की सांधे ऐकू येत नाहीत. हॉर्न फार झाले तर काढायचे, देवळाची घंटा हवी तिथे ठेवायची. प्रेक्षकाला ते पुणं वाटतं, पण ते मी टेबलावर बसून केलेलं पुणं असतं. सलग टेकमध्ये माझ्या हातात काही नव्हतं. नट काकांच्या सदऱ्याच्या आत लेपल माइक, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माइक, माझ्या हातात बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, आणि रस्ता देईल ते. वाड्याच्या चौकात नळाचं पाणी बादलीत पडण्याचा आवाज. वारा त्या बाजूचा असेल तर तांबट आळीतली तांब्याच्या भांड्यांवरची ठोक, फार लांबून. बोळात स्वतःच्याच चपलांचा प्रतिध्वनी. बोळ संपून रस्ता लागला की हॉर्नची भिंत एकदम अंगावर येते, आणि त्या भिंतीच्या आत काकांचा श्वास ऐकू येतो. सहाव्या टेकमध्ये तो श्वास चौकातून पुढे वाढलेला ऐकून मी पहिल्यांदा घाबरले. नट म्हणून घेतलेला श्वास नव्हता तो. त्या श्वासाचा एक-एक सेकंद एकामागून एक ऐकू आल्याशिवाय त्या रस्त्याबद्दल बोलायचा अधिकार कुणाला नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

आता परवानगीबद्दल.

मुलांनी ती मागितली नव्हती असं नाही. महिनाभर आधी अर्ज केला. एका कार्यालयाने सांगितलं, जागा आमची पण रहदारी त्यांची. दुसऱ्याने सांगितलं, रहदारी आमची पण चित्रीकरणाचं आधी तिकडून आणा. फॉर्ममध्ये जनरेटर व्हॅन किती, व्हॅनिटी किती, रस्ता किती वेळ बंद हवा, ज्युनिअर आर्टिस्ट किती असे रकाने होते. प्रत्येकापुढे मुलांनी शून्य लिहिलं. समोरचे गृहस्थ फॉर्म बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मग तुम्हाला नेमकं हवंय काय?" चालायचं होतं. एक माणूस पुढे, एक कॅमेरा मागे, मी, आणि आजूबाजूला तीन मुलं. या उत्तराला त्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता. नकार कुणीच दिला नाही. होकारही आला नाही. महाविद्यालयाची तारीख जवळ आली तेव्हा मुलांनी आपलं सुरू केलं.

असं सुरू करणं काही नवीन नाही. पुण्यात लहान चित्रपट करणारा प्रत्येक जण कधी ना कधी चोरून चित्रीकरण करतो, मीही केलं आहे. दोन मिनिटांत शॉट मारायचा, गाडीत बसायचं, पुढच्या चौकात जायचं. कट असलेला चित्रपट असा तुकड्यातुकड्याने चोरता येतो. सलग टेक चोरता येत नाही. त्याला १७ मिनिटांचा अख्खा रस्ता अखंड लागतो, आणि सोळाव्या मिनिटाला जरी कुणी हटकलं तरी पहिलं मिनिटही वाया जातं. रस्त्यावर कॅमेरा घेऊन उभं राहायचा हक्क साध्या माणसाला आहे की नाही, हा प्रश्न एरवी आम्ही सगळे पळून जाऊन टाळतो. या मुलांना पळता येत नव्हतं. तिसऱ्या टेकला एका दुकानदाराने आपल्या फळीसमोरून हटायला सांगितलं. पाचव्याला एक जण चौकशी करत करत चौकटीतच चालायला लागला. सातव्याला तो हात आला.

त्या हाताच्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याला कुणीतरी सांगून ठेवलं असेल की कॅमेरा दिसला की विचारायचं. विचारल्यावर दाखवायला आमच्याकडे कागद नव्हता, आणि असा कागद देणारी जागाही शहरात आम्हाला सापडली नव्हती.

शेवटी मुलांनी जे केलं ते सांगताना मला अजून वाईट वाटतं. त्यांनी रविवारी सकाळी पावणेसातला टेक घेतला. रस्ता मोकळा, दुकानं बंद, हटकायला कुणी नाही. पहिल्याच टेकला सगळं जमलं. कॅमेरा लोण्यासारखा चालला, ध्वनी स्वच्छ, कोवळं ऊन बोळात तिरपं उतरलेलं. तांत्रिकदृष्ट्या मी केलेल्या चांगल्या कामांपैकी ते एक आहे. आणि लघुपट खोटा झाला. शिवाजी रस्ता काकांनी सहा सेकंदांत ओलांडला. १ मिनिट ५० सेकंद गेले. विजेची पेटी आहे, पण रिकाम्या रस्त्यावरून तिला वळसा घालायला काही लागत नाही. बँक बंद, म्हणून शेवट बदलावा लागला. काका बंद शटरसमोर पायरीवर बसतात. एका छोट्या महोत्सवात तो लागला तेव्हा मागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, किती सुंदर दिसतं ना जुनं पुणं. दिग्दर्शक मुलगी माझ्या शेजारी बसली होती. ती उठून बाहेर गेली.

बर्लिनमध्ये 'व्हिक्टोरिया' हा चित्रपटही पहाटेच्या रस्त्यांवर एका टेकमध्ये झाला. १३८ मिनिटं, तिसरा टेक. शेवटच्या नामावळीत पहिलं नाव कॅमेरामनचं आहे, ते मला फार आवडलं होतं. पण ती गोष्टच नाइट क्लबातून पहाटे बाहेर पडणाऱ्या मुलीची होती, पहाट तिच्या हक्काची होती. 'रशियन आर्क'साठी सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयाने २३ डिसेंबर २००१ या एका दिवसासाठी आपली दालनं दिली, आणि डिसेंबरातल्या तिथल्या तुटपुंज्या उजेडात चौथ्या प्रयत्नात तो चित्रपट पूर्ण झाला. आमच्या मुलांना दालनं नको होती. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता, सगळे चालतात त्या रस्त्यावरून चालायचं होतं.

हे कुठे जमतच नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याला न्यूयॉर्कची गोष्ट सांगायला हवी, आणि ती गोष्ट घडवणारा माणूस आपल्याकडचा आहे. माहितीपटकार राकेश शर्मा २००५ साली तिथे मॅनहॅटनच्या रस्त्यावर हातातल्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करत होते, तेव्हा त्यांना पोलिसांनी अडवून ठेवलं. पुढे परवानगी मागितली तर तीही मिळाली नाही. त्यांनी तिथल्या नागरी हक्क संघटनेच्या मदतीने दावा लावला. शहराला नियम लिहून काढावे लागले. पहिल्या मसुद्यात दोन माणसं एका जागी अर्ध्या तासाहून जास्त चित्रीकरण करणार असतील तर परवाना आणि दहा लाख डॉलरचा विमा, असली अट होती. लोकांनी ओरड केली, मसुदा मागे घेतला गेला. २००८ पासून तिथे नियम असा आहे की हातात कॅमेरा असेल किंवा नुसता ट्रायपॉड असेल, आणि तुम्ही रस्त्याचा कुठलाही भाग फक्त स्वतःसाठी अडवत नसाल, तर परवाना लागत नाही. एवढ्या गजबजलेल्या शहराने हे केलं. त्यामागे मुंबईच्या एका माणसाने खाल्लेल्या खस्ता आहेत, आणि त्याचा उपयोग त्याच्याच राज्यातल्या मुलांना नाही.

मला पुण्यासाठी तसाच नियम हवा आहे, आणि तो गुळगुळीत शब्दांत नको, आकड्यांत हवा. सहा माणसांपर्यंतचा गट, हातातला किंवा अंगावरचा कॅमेरा, दिवे नाहीत, जनरेटर नाही, रस्ता किंवा पदपथ अडवायचा नाही, कुणाला थांबवायचं नाही. असा गट असेल तर परवानगी मागायची गरज नाही, फक्त कळवायचं. कोण, कुठे, किती वाजता, कुणाचा फोन नंबर. कळवल्याची पोच फोनवर यावी आणि ती पोच दाखवली की रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाने हात आडवा घालू नये. मोठी चित्रीकरणं आहेत त्यांना आजचे सगळे रकाने राहू देत, फी राहू दे, अनामतही राहू दे. संरक्षित वास्तू, रेल्वे स्टेशन, रुग्णालयं यांना त्यांचे नियम आहेत ते मला मान्य आहेत. मी फक्त सार्वजनिक रस्त्याबद्दल बोलते आहे.

पेठेतल्या लोकांचा याला विरोध होईल आणि त्यांच्या विरोधाला कारण आहे. बोळाच्या तोंडाशी व्हॅन लावून दिवसभर वाट अडवणारी युनिट्स त्यांनी सोसली आहेत. ज्या काकूंनी आमच्यासाठी डाळ लवकर लावली त्यांनीच सांगितलं की पूर्वी एका चित्रीकरणाच्या वेळी त्यांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत मिक्सर लावू दिला नव्हता, आणि विचारायची रीतही कुणी पाळली नव्हती. माझ्याच धंद्यातल्या लोकांनी हे केलं आहे. म्हणूनच लहान आणि मोठं यातली रेघ कागदावर यायला हवी. आज दोघांना एकाच फॉर्मात बसवलं जातं. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख आहे तो त्यातून पार पडतो आणि बोळ अडवतो. ज्याला नुसतं चालायचं आहे तो बाहेर राहतो.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो मी हलका मानत नाही. १० जुलै २०१४ ला याच भागात, दगडूशेठच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, फरासखाना पोलीस ठाण्याच्या वाहनतळात स्फोट झाला होता. त्याआधी २०१० मध्ये जर्मन बेकरी. इथल्या माणसाने अनोळखी यंत्राकडे संशयाने बघितलं तर मी त्याला दोष देणार नाही. पण त्या देवळासमोर रोज हजारो फोन वर होतात, त्यांना कुणी विचारत नाही. विचारलं जातं ते माझ्या बूमवरच्या केसाळ आवरणाला, कारण ते दिसतं. जो लपून काही करणार आहे तो बूम घेऊन येत नाही. आधी नाव-गाव कळवणारा गट सुरक्षिततेला मदतच करतो. चोरून चित्रीकरण करायला भाग पाडलेल्या गटाची मात्र कुठेच नोंद राहत नाही.

तिसरी गोष्ट आमच्या बाजूची आहे आणि ती आम्हीच पाळायला हवी. रस्ता सगळ्यांचा आहे म्हणून रस्त्यावरचे चेहरे आमचे होत नाहीत. कट असलेल्या चित्रपटात नको असलेला चेहरा काढता येतो, सलग टेकमध्ये तो राहतोच. मुलांनी त्या वाटेवरच्या जवळजवळ सगळ्या विक्रेत्यांना आधी भेटून विचारलं होतं. हार विकणाऱ्या एका मावशी म्हणाल्या, "माझा चेहरा नको गं, सासरकडचे बघतात." त्या एका वाक्यापायी काकांची वाट बोळाच्या दुसऱ्या कडेने न्यावी लागली, जिथे उतार जास्त आहे, आणि तालीम पहिल्यापासून करावी लागली. अर्धा दिवस गेला. तो जायलाच हवा होता. नियम झाला तर त्यात हेही यावं: नको म्हणणाऱ्याचा शब्द तिथल्या तिथे मानायचा, आणि वाटेच्या दोन्ही टोकांना चित्रीकरण चालू असल्याची मराठीतली पाटी लावायची.

प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली. तिच्याच जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९६४ मध्ये चित्रपट संग्रहालयही याच शहरात आलं. देशभरातून मुलं सिनेमा शिकायला इथे येतात. त्या शहराला आपल्या रस्त्यावर सहा माणसांचं काय करायचं ते ठरवता येऊ नये, याची मला खंत आहे. शहराला याचा उपयोगही आहे. पुणे महापालिकेचं पादचारी धोरण २०१६ पासून आहे. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन करायला सुरुवात झाली, आणि त्या दिवशी लहान मुलं रस्त्याच्या मधोमध बसून चित्रं काढतात ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. चालणाऱ्यांची काळजी शहराला आहे, हे मी मानते. मग बाकीच्या दिवशी एक म्हातारा माणूस कसा चालतो त्याचं १७ मिनिटांचं, न कापलेलं चित्रण त्या धोरणाच्या बैठकीत लावून बघा. पदपथाची रुंदी नकाशावर मोजता येते. कडेला उभं राहून पुढे टाकलेलं आणि मागे घेतलेलं पाऊल नकाशावर येत नाही.

तो वाडा आता फार दिवस नाही. जूनमध्ये अर्धी बिऱ्हाडं हलली, चौकात लाकडी टेकू लागले आहेत. दुसऱ्या मजल्यावर अजून एक कुटुंब आहे आणि दिवाळीपर्यंत आम्ही आहोत असं त्यांनी मुलांना सांगितलं आहे. मुलांनी रविवारचा लघुपट आणखी कुठे पाठवायचा नाही असं ठरवलं. त्यांनी पुन्हा अर्ज केला आहे, या वेळी फॉर्मसोबत वेगळा कागद जोडून. त्यावर वाटेचा नकाशा आहे, सहा जणांची नावं आहेत आणि वेळ लिहिली आहे: नोव्हेंबरातला कामाचा दिवस, सकाळी अकरा ते साडेअकरा.

नट काकांनी गणपतीनंतर रोज सकाळी त्यांच्या सोसायटीचा जिना चढायला सुरुवात केली. परवा फोनवर मी म्हटलं, काका, या वेळी फार टेक नको, दोनच. ते म्हणाले, "दोन काय, तीन घे. फक्त बँकेपर्यंत नीट पोचव. माझाही दाखला द्यायचा राहिलाय, रांगेत उभा राहतोच आहे तर तोही देऊन टाकतो."